'तेनेर' शिकताना मराठीतून विचार करा

स्पॅनिश शिकायला घेतलं की पहिल्या काही धड्यांतच 'तेनेर', म्हणजे जवळ असणे, हे क्रियापद भेटतं. अनियमित म्हणून सगळे आधी त्याची रूपं घोकतात: तेंगो, त्येनेस, त्येने, तेनेमोस, तेनेइस, त्येनेन (मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने). रूपं पाठ हवीतच, पण तेवढ्याने तोंडातून वाक्य निघत नाही. मी स्पॅनिश शिकले ती इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांवर. आता कामानिमित्त रोज बोलते, आणि नव्याने शिकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तेनेर वापरताना इंग्रजीला मध्ये घेऊ नका.

भुकेचंच बघा. 'तेंगो आंब्रे' म्हणजे मला भूक लागली आहे. इंग्रजीवरून येणारा इथे विशेषण शोधतो आणि 'फार' या अर्थाचा 'मुय' लावून मोकळा होतो. आपल्याकडे भूक हे नाम आहे, स्पॅनिशमध्येही नामच आहे, म्हणून 'तेंगो मुचा आंब्रे', खूप भूक. तहान (सेद), घाई (प्रीसा), झोप (सुएन्यो), भीती (म्येदो) ही सगळी नामं तशीच चालतात. फक्त लिंग जपा: भूक, तहान, घाई दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी, पण सुएन्यो आणि म्येदो पुल्लिंगी, तिथे 'मुचो' येतं. वयही याच क्रियापदाने सांगतात: 'तेंगो बेइंतिसिंको आन्योस', मी पंचवीस वर्षांची आहे. इथे 'आहे' बघून 'सोय' (स्पॅनिशमधलं 'मी आहे') म्हणायचा मोह होतो, तो टाळा. डेले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या ए१ या सर्वांत सोप्या पातळीला तोंडी भागात स्वतःची ओळख करून द्यायची असते, तेव्हा वय आणि घरची माणसं सांगताना तेनेरच लागतं.

मराठीमुळे अडतं ते एका ठिकाणी. 'मला दोन भाऊ आहेत' यात आपलं क्रियापद भावांकडे बघून अनेकवचनी होतं. स्पॅनिशमध्ये ते ज्याचे भाऊ आहेत त्याच्याकडे बघतं: 'तेंगो दोस एर्मानोस'. भाऊ दोन असोत की दहा, 'मी' आहे तोवर तेंगोच. वर्गात मराठी मुलांकडून 'त्येनेन' निघून जातं ते याचमुळे. आपल्या 'मला', 'माझ्याकडे', 'घराला' या तिन्ही जागी स्पॅनिशला एकच तेनेर पुरतं, ही मात्र मोठी सोय.

रूपांमागचं कारण एकदा कळलं की घोकंपट्टी कमी होते. आघात धातूवर पडला की 'ए'चा 'ये' होतो: त्येनेस, त्येने, त्येनेन. तेनेमोस आणि तेनेइसमध्ये आघात प्रत्ययावर जातो, म्हणून तिथे बदल नाही. तेंगो वेगळं पडतं, पण त्याचा जोडीदार आहे, 'बेनीर' म्हणजे येणे: बेंगो, ब्येनेस, ब्येने. भविष्यकाळातही ही जोडी टिकते, तेंद्रे आणि बेंद्रे. दोन्ही एकदमच शिका. तेनेइस हे रूप मुख्यतः स्पेनमध्ये चालतं. लॅटिन अमेरिकेतल्या लोकांशी बोलायचं असेल तर 'उस्तेदेस (तुम्ही) त्येनेन'वर भागतं, आणि अर्जेंटिनात 'बोस (तू) तेनेस' कानावर येईल. 'त' आपल्यासारखा दंत्य, त्याला 'ट' करू नका.

मला सगळ्यात आवडतो तो 'तेनेर के' हा प्रयोग. 'तेंगो के ईर' म्हणजे मला जावं लागेल, जायला हवं. भूतकाळात त्याची दोन वाक्यं होतात, 'तूबे के ईर' आणि 'तेनीआ के ईर', आणि इंग्रजीत दोन्हींसाठी बहुधा एकच वाक्य पुढे येतं. मराठीत फरक तयारच आहे. 'तूबे के ईर', मला जावं लागलं, म्हणजे मी गेले. 'तेनीआ के ईर', मला जायचं होतं, गेले की नाही ते पुढच्या वाक्यात. ऑफिसात हा फरक महत्त्वाचा ठरतो. काम करावं लागलं की करायचं राहिलं, हे समोरच्याला त्या एका रूपावरून कळतं. तूबेची रूपं पाठ करताना 'एस्तार' (असणे) या क्रियापदाचं एस्तूबे सोबत घ्या, प्रत्यय तेच आहेत: तूबे, तुबीस्ते, तूबो, एस्तूबे, एस्तुबीस्ते, एस्तूबो. तेनीआ पूर्ण नियमित आहे, त्यावर वेगळा वेळ घालवायची गरज नाही.