नैतिक निर्णय घेण्याची सवय कशी लावावी

योग्य काय आणि अयोग्य काय, हे बहुतेकांना ठाऊक असते. समोरचा प्रश्न नीतीचा आहे, हे मात्र वेळेवर ध्यानात येत नाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. धर्मशिक्षण घेणारे काही विद्यार्थी भाषण देण्यासाठी शेजारच्या इमारतीकडे पाठवले गेले आणि त्यांच्या वाटेवर कण्हणारा, खोकणारा एक माणूस मुद्दाम बसवण्यात आला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीला थांबले. उशीर झाल्याचे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी केवळ १० टक्के. म्हणून ‘आत्ताच्या आत्ता सही हवी’ असे कोणी म्हणाले, की ही घाई कामाची आहे की सांगणाऱ्याची, एवढे आधी पाहावे. बहुतेक वेळा तासाभराची मुदत मागितली तर ती मिळते.

त्यानंतर, जे करायला सांगितले आहे ते साध्या शब्दांत लिहून काढावे. ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण गैर गोष्ट आपल्यापर्यंत क्वचितच गैर नावाने येते. ती ‘औपचारिकता’, ‘तात्पुरती सोय’ किंवा ‘सगळेच करतात’ अशा रूपात येते. समजा, एका यंत्राची मासिक तपासणी राहून गेली आहे आणि वरिष्ठ म्हणतात, “मागची तारीख टाकून रकाना भरून टाक, फक्त कागदोपत्री आहे.” आता कागदावर असे लिहून पाहावे: ‘मी न केलेली तपासणी केली असे लिहून देत आहे, आणि त्या नोंदीवर विसंबून उद्या कोणीतरी या यंत्रावर काम करणार आहे.’ हे वाक्य डोळ्यांसमोर आले, की पर्यायही सुचू लागतात. तपासणी आज करता येते, आजचीच तारीख घालता येते आणि मागील महिन्याची राहिली असा शेरा मारता येतो. त्याची किंमत थोडी नामुष्की एवढीच असते.

पर्याय तपासताना, त्याची झळ कोणाला बसेल आणि त्या माणसाला आपले म्हणणे मांडण्याची संधी आहे का, हे विचारावे. इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाने १७८५ साली मांडलेली कसोटीही येथे उपयोगी पडते: मी ज्या नियमाने वागतो आहे, तो सर्वांचा नियम व्हावा असे मला म्हणता येईल का? खोट्या नोंदी सर्वच जण करू लागले तर नोंदवहीला अर्थच उरणार नाही. परिणामांचा हिशेब आणि ही कसोटी वेगवेगळी उत्तरे देतील, तेव्हा मात्र घाईने एक बाजू निवडू नये; असा प्रसंग खरोखर अवघड असतो आणि तो ज्याचा निकालाशी काही संबंध नाही अशा जाणत्या माणसापुढे मांडावा.

गटात निर्णय होत असेल, तर पुरावा कोणाकडे मागितला जात आहे यावर लक्ष ठेवावे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ अंतराळयानाच्या बूस्टरचे, म्हणजे यान वर ढकलणाऱ्या रॉकेटचे, अभियंते थंडीमुळे त्याच्या सांध्यातील रबरी कडी नीट बसणार नाही, म्हणून उड्डाण करू नये असे सांगत होते. उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याऐवजी ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली, आणि अखेर व्यवस्थापनाने त्यांचा सल्ला बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

विरोध नोंदवताना माणसावर आरोप न करता मुद्दा मांडावा, सोबत पर्याय द्यावा आणि तो लेखी द्यावा. “हे असे केले तर मला सही करता येईल” हे वाक्य नुसत्या नकारापेक्षा अधिक ऐकले जाते. तरीही दबाव कायम राहिला, तर तक्रारीची अधिकृत वाट कोणती आणि तिथे आपल्याला संरक्षण किती, याची माहिती आधी करून घ्यावी. नोकरीवर घर चालणाऱ्या माणसाने ही काळजी घेणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. भेटवस्तू, नातलगांची शिफारस, गोपनीय माहिती यांसारख्या वारंवार येणाऱ्या प्रसंगांसाठी आपली मर्यादा शांतपणे ठरवून सहकाऱ्यांना सांगून ठेवावी, म्हणजे ऐनवेळी नकार दिला तरी समोरच्याला तो अपमान वाटत नाही.