वकील-आमदाराचं चरित्र लिहायचं तर

तालुक्यातल्या जुन्या आमदारांवर गौरवग्रंथांसाठी लिहायचं काम माझ्याकडे नेहमी येतं. आमदार मुळात वकील असेल तर काम अंगावर घ्यायला मला जास्त आवडतं, कारण त्याचे कागद कोर्टात आणि विधानमंडळात अशा दोन्हीकडे सापडतात. ते हाती येईपर्यंत कुणाची मुलाखत घेऊ नका. ‘साहेबांनी सभागृह गाजवलं’ हे सगळेच सांगतात. काय बोलून गाजवलं, ते कार्यवाहीतच, म्हणजे सभागृहातल्या कामकाजाच्या शब्दशः नोंदीतच कळतं.

निवडणुकांचे आकडे निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत मिळतात. पराभवही टिपा. सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, पण १९७२ आणि १९९५ मध्ये हरलेही. ती वर्षं गाळली तर चरित्राची आरती होते. आणखी एक पथ्य: २००९ च्या निवडणुकीपासून मतदारसंघांची फेररचना लागू झाली. नाव तेच राहिलं तरी गावं बदललेली असू शकतात, तेव्हा आधीची आणि नंतरची मताधिक्यं सरळ शेजारी मांडू नका.

खरा ऐवज तारांकित प्रश्नांत, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं अशा प्रश्नांत असतो. साचा ठरलेला: ‘(१) अमुक तलावाचे काम बंद पडले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ मंत्र्यांचं उत्तर पुष्कळदा ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. इथे पान उलटू नका. त्या उत्तरावर सभागृहात विचारलेले पुढचे उपप्रश्न वाचा. अंशतः म्हणजे किती? काम कोणत्या तारखेला थांबलं? आदेशावर सही कुणाची? मंत्र्याच्याच उत्तरातला शब्द धरून पुढे सरकणारा आमदार दिसला, की कोर्टातली उलटतपासणी सभागृहात आलेली दिसते. असे दोन-तीन उतारे जसेच्या तसे घ्या, विशेषणांची गरज उरत नाही. अशासकीय विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेली, क्वचितच मंजूर होतात, तरी त्यांचं उद्देश व कारणांचं निवेदन जरूर वाचा. माणसाला कायद्यात नेमकं काय खुपत होतं, ते तिथे असतं.

वकिलीचा माग काढायला हायकोर्टाचे छापील निकाल बघा, त्यांत दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं असतात. खालच्या कोर्टातली जुनी कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट करतात, मग जुन्या कारकुनांनाच गाठावं लागतं. निवडून आल्यावर वकिली सुटली असं धरून चालू नका. आमदारांना वकिली करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामाची नोंद, मिळालाच तर त्यातल्या तारखा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाशी ताडून बघा.

आता आमदारांच्या घरी जा. ‘ते कसे होते?’ विचारलं तर ‘फार साधे होते’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी कार्यवाहीतलं पान पुढे ठेवा आणि विचारा, ‘हा प्रश्न त्यांच्याकडे कोण घेऊन आलं होतं?’ मग गाव निघतं, पक्षकार निघतो, बांधावरचं भांडण निघतं. त्या पक्षकाराचं नाव छापण्याआधी मात्र त्याच्या घरच्यांना विचारून घ्या.