टॉय पॉम घेताय? आधी त्याच्या आईला भेटा

आमच्या कुत्रीचं, छोटीचं, वजन सध्या सव्वासात किलो आहे. घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता, टॉय पॉम (म्हणजे एकदम छोटा पॉमेरेनियन) आहे मॅडम, दोन किलोच्या वर जाणारच नाही, पर्समध्ये घालून फिरवा. नाव त्याच भरवशावर ठेवलं, आता ती त्या नावाला ओ देते त्यामुळे बदलायची पण सोय नाही. व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, पहिल्याच भेटीत हसून सांगितलं की हा इंडियन स्पिट्झ आहे, पॉमसारखी दिसणारी पण मोठी, वेगळी जात.

आपल्याकडे हे सर्रास होतं. खरा पॉमेरेनियन साधारण 1.4 ते 3.2 किलोचा, अंगाने गोल, तोंड आखूड, कान इवलेसे. स्पिट्झचं तोंड कोल्ह्यासारखं लांबट, पाय उंच. दोन महिन्यांची असताना दोन्ही कापसाचे गोळेच दिसतात, तिथेच आपण फसतो. स्पिट्झ वाईट अजिबात नाही, उलट आपल्या उकाड्यात जास्त टिकतो, फक्त त्याचे पैसे पॉमच्या भावाने देऊ नका. आणि 'टीकप' म्हणून कुठली वेगळी जात नसते, ते नुसतं विकायचं नाव आहे. अशक्त, खुरटलेली पिल्लं किंवा वय खोटं सांगून फार लवकर आईपासून तोडलेली पिल्लं त्या नावाने खपवतात.

म्हणून पहिला नियम, पिल्लू जिथे जन्मलं तिथे जाऊन त्याची आई बघा. बाप पण असेल तर उत्तमच. पिल्लू मोठेपणी केवढं होईल याचा त्यातल्या त्यात बरा अंदाज आईकडे बघूनच येतो. "आई गावाला आहे", "हायवेवर भेटू, तिथेच देतो" असं कोणी म्हणालं की सरळ निघा. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची (पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याची) नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तेव्हा नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. मग पिल्लाला जमिनीवर सोडून चालताना बघा. मधेच मागचा एक पाय उचलून लंगडीसारखं उडत असेल तर गुडघ्याची वाटी सरकत असू शकते, छोट्या जातींचं हे जुनं दुखणं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं असेल तर बहुतेक जंत. आणि घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर माझं स्पष्ट मत आहे, थोडं थांबा, कारण मुलाच्या हातून निसटलं की पिल्लाचा पाय मोडलाच समजा. कोणीतरी सोडून दिलेला मोठा पॉम दत्तक मिळाला तर त्याचं वजन आणि स्वभाव आधीच कळतो, तोही विचार करा.

घरी आणल्यावर पहिले काही आठवडे खरे नाजूक. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा काहीच नसतो, त्यामुळे जेवण चुकलं की रक्तातली साखर पटकन खाली येते. दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. पिल्लू गळून गेलं, लटपटायला लागलं, हिरड्या फिक्या दिसल्या तर बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळा आणि तडक व्हेटकडे पळा. शुद्धीत नसताना तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून भलतंच होतं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका.

सोफ्यावरून उडी मारणं बंद करा. पुढचे पाय पेन्सिलीएवढे असतात हो! खाली जुनी उशी टाका किंवा दोन पायऱ्यांचं स्टूल ठेवा. फिरवताना गळ्यात पट्टा नको, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या, कारण या कुत्र्यांची श्वासनळी नाजूक असते आणि ओढाताण झाली की बदकासारखा गॉक-गॉक खोकला सुरू होतो.

खाण्यात शत्रू घरातलेच. आमच्याकडे आजी चहात बुडवलेलं बिस्कीट टेबलाखालून द्यायच्या, "एवढ्याशाने काय होतंय" म्हणत. तीन किलोच्या कुत्र्याचं वजन 300 ग्रॅमने वाढणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलोने वाढणं, हे हिशोब मांडून दाखवल्यावर त्या थांबल्या. (थांबल्या म्हणजे आता चोरून देतात.) पण शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, कांदा-लसूण, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगगम हे चोरून पण नाही. ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी अर्धी करून देणं हे तर विषच.

उन्हाळ्यात टक्कल करू नका. पॉम काय, स्पिट्झ काय, अंगावर दुहेरी केस असतात, ते उन्हापासूनही वाचवतात आणि मशीन फिरवल्यावर कधी कधी नीट परत येतच नाहीत. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश करा, कानामागे आणि काखेत गुंता जास्त होतो. फिरणं उन्हं चढायच्या आत. पावसाळ्यात रोज बोटांच्या बेचक्यात आणि कानात गोचीड शोधा, गोचीड ताप छोट्या कुत्र्याला फार लवकर खाली आणतो. दात घासायचे, हो, खरंच, पण कुत्र्यांच्याच पेस्टने. छोट्या जबड्यात दाटी असते, दुधाचे दात पडत नाहीत आणि मागून नवीन येतात, सहाव्या महिन्यात एकदा व्हेटला तोंड उघडून दाखवा.

भुंकण्याचं म्हणाल तर चूक बहुतेक आपलीच असते. समोरून कुत्रा आला की आपण पटकन उचलून घेतो आणि त्याला वाटतं खरंच संकट आलंय. खाली राहू द्या, लांबून वास घेऊ द्या. सोसायटीवाले लिफ्टवरून वाद घालायला लागले तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं प्रिंट काढून जवळ ठेवा, त्यात पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही असं लिहिलंय. पण ती प्रिंट काढून दाखवाल तेव्हा दुसऱ्या हातात शी उचलायची पिशवी दिसली पाहिजे.