शाखांचा डेटा एका क्वेरीत आणताना या चुका टाळा

लातूर, नांदेड आणि जालना अशा तीन मोंढ्यांत आडत, प्रत्येक शाखेचा डेटाबेस वेगळा, आणि मालकाला सोयाबीनची आवक एकाच रिपोर्टमध्ये हवी. काम युनियनचं आहे, म्हणजे अनेक सिलेक्टच्या ओळी एकाखाली एक जोडणाऱ्या एसक्यूएल आदेशाचं. एरर येऊन क्वेरी थांबली तर बरंच. नुकसान करतात त्या बिनबोभाट चालणाऱ्या क्वेऱ्या.

सगळ्यात महाग पडतो तो सिलेक्ट स्टार, म्हणजे नावं न लिहिता सगळे कॉलम मागणं. युनियन कॉलमची नावं बघत नाही, क्रम बघते. लातूरच्या टेबलात आधी वजन मग भाव, नांदेडला उलटं, आणि दोन्ही डेसिमल; म्हणजे एरर नाहीच. नांदेडची १२ क्विंटल, भाव ४,३०० ही पट्टी (विक्रीची पावती) रिपोर्टमध्ये ४,३०० क्विंटल, भाव १२ अशी उतरते. वर गुणाकार ५१,६०० च येतो, रक्कम जुळते आणि कुणाला शंकाही येत नाही. म्हणून कॉलम नावानिशी, प्रत्येक सिलेक्टमध्ये त्याच क्रमाने लिहा आणि रुपयांसोबत क्विंटलची बेरीजही शाखानिहाय पडताळा.

नुसतं युनियन सारख्या ओळी गाळतं. एकाच दिवशी दोघांचा दहा-दहा क्विंटल माल एकाच भावाने गेला आणि सिलेक्टमध्ये पट्टी नंबर नसेल, तर एक ओळ गेली. शाखेचं नाव कॉलम म्हणून जोडलं तरी त्याच शाखेतली सारखी ओळ जातेच. ओळी न गाळणारं युनियन ऑल वापरा. शाखेचा कॉलम तरीही ठेवा: १ एप्रिलला प्रत्येक शाखेत पट्टी नंबर पुन्हा १ पासून सुरू होत असेल, तर पुढचा जॉइन (दुसऱ्या टेबलाशी ओळी जुळवणं) शाखा, वर्ष आणि नंबर या तिन्हींवर करावा लागतो.

एसक्यूएल सर्व्हरच्या एकाच इन्स्टन्सवर (एकाच चालू सर्व्हरवर) डेटाबेस, स्कीमा (टेबलांचा गट), टेबल असं तीन भागांचं नाव पुरतं. मायएसक्यूएलला दोनच भाग लागतात. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस शेजारी-शेजारी असले तरी हे चालत नाही. पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू या एक्स्टेंशनने फॉरेन टेबल करा, म्हणजे दुसऱ्या डेटाबेसमधलं टेबल इथूनच वाचता येतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिंक्ड सर्व्हरवर (जोडलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर) आधी सर्व्हरचं नाव लावून चार भागांचं नाव दिलं की कधी कधी अख्खं टेबल इकडे ओढलं जातं आणि मग गाळणी लागते. क्वेरी ओपनक्वेरीत द्या; ती जशीच्या तशी त्या सर्व्हरकडे जाते, म्हणजे व्हेअरची गाळणी तिकडेच चालेल.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये गावाच्या नावावर जॉइन करताना एरर ४६८ आला तर दोन्हीकडचं कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना करण्याचे नियम, वेगळं आहे. तुलनेत कोलेट डेटाबेस डिफॉल्ट घाला. जिल्ह्याच्या नावाचा घोळ मात्र एरर देत नाही: २०२३ च्या नामांतरानंतर एका शाखेत उस्मानाबाद आणि दुसरीत धाराशिव असेल, तर ग्रुप बायमध्ये एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी पडतात. जुन्या नोंदी बदलत बसू नका. जिल्हा कोडचं छोटं टेबल करून दोन्ही नावं त्याला जोडा.