स्वतःच्या डोमेनवर ईमेल सुरू करताय? या चुका टाळा

स्वतःच्या डोमेनचा ईमेल सुरू करणं तसं फार अवघड नाहीये. डोमेन घ्यायचं, मेल सर्व्हिस घ्यायची, त्यांनी दिलेल्या चार-पाच ओळी (रेकॉर्ड) डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची साइट कुठे, मेल कुठे हे जगाला सांगणाऱ्या यादीत टाकायच्या, झालं. पण यात एक भानगड आहे, काही चुकलं तर ते चुकलंय हेच कळत नाही. वेबसाइट बंद पडली तर कोणीतरी फोन करून सांगतं की बाबा तुझी साइट उघडत नाहीये. मेल येत नसेल तर कोण सांगणार? न आलेला मेल काही इनबॉक्समध्ये दिसत नाही. आणि समोरच्याला वाटतं तुम्ही उत्तर द्यायचं टाळताय.

माझंच सांगतो. मी मेल होस्टिंगवरून काढून एका वेगळ्या सर्व्हिसवर नेला, स्वतःच्या जीमेलवरून टेस्ट मेल टाकला, आला, रिप्लाय केला, गेला, मी खूश. पुढचे तीन आठवडे वेबसाइटच्या कॉन्टॅक्ट फॉर्ममधून एकही मेल आला नाही आणि मी समजत होतो की सध्या काम थंड आहे. मग एकाने मेसेज करून विचारलं, फॉर्म दोनदा भरला, काय झालं? तेव्हा शोधाशोध केली. झालं असं होतं की होस्टिंगच्या सर्व्हरला अजूनही वाटत होतं की या डोमेनचा मेल आपल्याकडेच आहे, त्यामुळे फॉर्ममधून निघालेला मेल तो बाहेर पाठवतच नव्हता, स्वतःकडच्याच जुन्या मेलबॉक्समध्ये टाकून मोकळा होत होता. बाहेरून येणारे मेल मात्र एमएक्स (डीएनएसमधली मेल कुठे न्यायचा ती ओळ) बघून बरोबर नवीन जागी जात होते, म्हणून टेस्टमध्ये काहीच सापडलं नाही. होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल सीपॅनेल असेल तर त्यात ईमेल राउटिंग म्हणून एक जागा आहे, तिथे लोकलच्या ऐवजी रिमोट मेल एक्स्चेंजर निवडायचं, एवढंच. एक क्लिक. तीन आठवडे.

म्हणून टेस्ट करताना फक्त एका जीमेलवरून करू नका. वेगळ्या कंपनीच्या दोन-तीन पत्त्यांवरून करा, वेबसाइटच्या फॉर्ममधून करा, आणि येणं-जाणं दोन्ही बघा. मेल येणं आणि मेल जाणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, एक चालते म्हणजे दुसरी चालते असं अजिबात नाही.

रेकॉर्ड टाकला पण भलत्याच घरात

सगळ्यात कॉमन चूक ही. डोमेन एकीकडून घेतलंय, होस्टिंग दुसरीकडे, मध्ये कधीतरी क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे उभी राहणारी आणि डीएनएस सांभाळणारी सर्व्हिस) लावलंय, आणि तिन्हीकडे डीएनएसचं पान आहे. तुम्ही जिथून डोमेन घेतलं तिथे जाऊन एमएक्स टाकता, सेव्ह होतं, हिरवी टिक येते, आणि काहीच होत नाही. कारण चालतं फक्त त्याचंच ज्याच्याकडे तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसची खरी यादी ठेवणारे सर्व्हर, बोट दाखवतायत. बाकीच्या पॅनेलमध्ये काय वाट्टेल ते लिहा, जगाला ते दिसतच नाही. आधी नेमसर्व्हर कुठले आहेत ते बघा, मगच हात लावा. कमांड चालवता येत असेल तर एनएसलुकअप किंवा डिग वापरा, नाहीतर ऑनलाइन डीएनएस चेकर भरपूर आहेत.

याच्याच उलटी चूक वेबसाइट हलवताना होते. नवीन होस्टिंगवाला म्हणतो नेमसर्व्हर बदला, तुम्ही बदलता, साइट मस्त सुरू होते आणि मेल बंद, कारण जुन्या पॅनेलमधले एमएक्स आणि बाकीच्या ओळी नवीन पॅनेलमध्ये कोणी उतरवल्याच नाहीत. साइटसाठी फक्त ए रेकॉर्ड (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ती ओळ) बदलून काम भागत असेल तर नेमसर्व्हरला हातच लावू नका. लावायचाच असेल तर जुन्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर तेच कामाला येतात.

एमएक्सच्या गमतीजमती

एमएक्स म्हणजे या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर न्यायचा ते सांगणारी ओळ. त्यात प्रायॉरिटीचा आकडा असतो आणि इथे छोटा आकडा म्हणजे पहिला मान, म्हणजे १ असेल तो १० च्या आधी. लोक उलटं समजतात. नवीन टाकताना जुने काढायचे राहतात हे त्याहून वाईट, कारण मग काही मेल नवीन घरी, काही जुन्या घरी, आणि तुम्ही डोकं खाजवत बसता की निम्मेच का येतायत. गूगल वर्कस्पेसच्या जुन्या लेखांमध्ये पाच एमएक्स ओळी दिसतील, २०२३ पासून नवीन लोकांना ते एकच देतात, दोन्ही चालतात, पण पाचातल्या दोनच टाकून बाकी कशाला म्हणू नका.

एमएक्समध्ये आयपी ॲड्रेस टाकायचा नसतो, नावच टाकायचं असतं, आणि ते नाव सीनेम, म्हणजे दुसऱ्याच नावाकडे बोट दाखवणारी ओळ, असूनही चालत नाही. तसंच मूळ डोमेनवरच सीनेम लावला, काही वेबसाइट बिल्डर लावायला सांगतात, तर त्याच नावावर एमएक्स राहू शकत नाही, मेल गडबडतो. आणि क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर मेलच्या सर्व्हरच्या नावासमोरचा केशरी ढग बंद करा, तो प्रॉक्सी वेबसाइटसाठी आहे, मेल त्याच्यातून जात नाही.

क्रम पण महत्त्वाचा. आधी नवीन सर्व्हिसवर सगळे मेलबॉक्स बनवा आणि मग एमएक्स बदला. उलटं केलं तर नवीन सर्व्हर म्हणतो असा पत्ताच नाही माझ्याकडे, आणि मेल पाठवणाऱ्याकडे तडक परत जातो. गंमत बघा, सर्व्हर पूर्ण बंद असता तर पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहिला असता. म्हणजे बंद सर्व्हर परवडला, अर्धवट तयार सर्व्हर नको.

अजून एक. नावाच्या खान्यात पूर्ण पत्ता लिहिणं. बरेच पॅनेल मागे डोमेन स्वतःहून जोडतात, तुम्ही अंडरस्कोअर डीमार्क डॉट तुमचंडोमेन (डीमार्क काय ते पुढे येतंय) असं सगळं लिहिलं की तिथे डोमेनचं नाव दोनदा येतं आणि तो रेकॉर्ड कोणालाच सापडत नाही. सेव्ह केल्यावर बाहेरून तपासून बघा, पॅनेल काय दाखवतंय त्यावर जाऊ नका.

थोडं थांबा

बदल केल्या केल्या दिसला नाही की लोक घाबरून अजून तीन बदल करतात आणि मग नेमकं कशामुळे काय झालं ते देवालाच माहीत. टीटीएल म्हणून आकडा असतो तो सेकंदात असतो, ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे अख्खा दिवस. तेवढा वेळ जुनं उत्तर बाकीच्या सर्व्हरच्या लक्षात राहतं. आणि रेकॉर्ड टाकायच्या आधीच तुम्ही चेक करून बघितलं असेल तर "असं काही नाही" हे उत्तरसुद्धा काही काळ लक्षात ठेवलं जातं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शिफ्टिंग करायचं असेल तर एक-दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणून ठेवा. आणि जुना मेलबॉक्स लगेच डिलीट करू नका, काही मेल अजून तिकडे जात असतात.

मेल जातोय पण स्पॅममध्ये पडतोय

इथे मात्र नीट लक्ष द्या कारण बऱ्याचशा तक्रारी इथल्याच. तीन गोष्टी आहेत, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. एसपीएफ म्हणजे माझ्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर केलेली सही. डीमार्क म्हणजे या दोन्हीतलं एकही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं ती सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबतीत कडक झालेत, कमी मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी पाहिजेच, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त पाठवत असाल तर तिन्ही. पण तुम्ही दिवसाला दहाच पाठवत असाल तरी तिन्ही लावा.

एसपीएफची नंबर एक चूक म्हणजे दोन ओळी. मेल सर्व्हिसने एक दिली, न्यूजलेटरवाल्याने एक दिली, तुम्ही दोन्ही टाकल्या. एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो, दोन झाले की कायमची एरर आणि दोन्ही फुकट. एकाच ओळीत दोघांचे इन्क्लूड (या सर्व्हिसची यादीपण धरा असं सांगणारा भाग) घालायचे. बरं, इन्क्लूड घालत सुटायचं पण नाही, कारण तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस लुकअप (डीएनएसला विचारणा) लागले तरी एसपीएफ फेल, आणि एका इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडसुद्धा त्यात मोजतात, म्हणजे दिसायला चार आणि मोजायला बारा असं होतं. जी सर्व्हिस दोन वर्षांपूर्वी सोडली ती काढा की राव. शेवटी टिल्ड ऑल (~all) किंवा मायनस ऑल (-all), म्हणजे यादीबाहेरचा कोणी माझा नाही असं असावं, कुठल्यातरी जुन्या ट्युटोरियलमधून प्लस ऑल उचललं असेल तर तुम्ही जगातल्या कोणालाही तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी देऊन बसलाय.

डीकिममध्ये किल्ली लांबलचक असते, २०४८ बिटची असेल तर एका तुकड्याच्या २५५ अक्षरांच्या मर्यादेत बसत नाही, चांगली पॅनेल स्वतः तुकडे करतात, काही जुनी निमूटपणे शेपूट कापून टाकतात. कॉपी करताना मध्ये स्पेस घुसली तरी सही जुळत नाही. आणि रेकॉर्ड टाकला म्हणजे सही सुरू झाली असं पण नाही, गूगल वर्कस्पेसमध्ये ॲडमिनला परत जाऊन स्टार्ट ऑथेंटिकेशनचं बटण दाबावं लागतं. ते राहिलं तर मेलवर तुमच्या डोमेनची सही येत नाही, गूगलच्याच एका डोमेनची येते. डीकिम पास दिसतं पण डीमार्कच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नाही, कारण त्याला सही तुमच्याच डोमेनची लागते.

डीमार्क सुरुवातीला नन (none) वर ठेवा. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी रिजेक्ट (असा मेल घेऊच नका) लावलं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर तुमच्या नावाने मेल पाठवतं हे विसरलात, तर तुमची बिलं तुम्हीच अडवली. काही आठवडे रिपोर्ट बघा, कोण कोण तुमच्या नावाने पाठवतंय ते कळेल, मग क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट. पण ननवरच कायमचं सोडून पण देऊ नका, नन म्हणजे फक्त बघत बसणं, तोतया मेल त्याने अडत नाहीत.

सगळं बरोबर आहे का हे बघायला एक सोपा मार्ग आहे, जीमेलच्या पत्त्यावर मेल पाठवा, तो उघडून तीन टिंबांच्या मेनूतून शो ओरिजिनल करा, वरच तिन्हीसमोर पास की फेल लिहिलेलं असतं. तिन्ही पास असून स्पॅममध्ये जात असेल तर बहुधा डोमेन नवीन आहे, अजून ओळख नाही, थोडे दिवस खऱ्या माणसांशी साधे मेल करा, आल्या दिवशी हजार लोकांना ऑफर पाठवू नका.

फॉर्म आणि फॉरवर्ड

कॉन्टॅक्ट फॉर्ममध्ये फ्रॉमच्या जागी फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता टाकायची सवय फार जुनी आहे आणि आता ती महागात पडते. कोणी याहूचा पत्ता भरला की तुमचा सर्व्हर याहूच्या नावाने मेल पाठवायला बघतो, तो सरळ तोतया ठरतो. फ्रॉममध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये (उत्तर कुठे जावं तो खाना).

फॉरवर्डिंगचं तसंच. मेलबॉक्स न घेता सगळं जीमेलवर वळवून घेणं छान वाटतं, क्लाउडफ्लेअर पण ती सोय देतं, पण ते फक्त येणाऱ्या मेलसाठी. रिप्लाय दिला की जातो तुमच्या जीमेलच्या पत्त्यावरून, मग स्वतःच्या डोमेनचा काय उपयोग. शिवाय वळवलेल्या मेलचा एसपीएफ बऱ्याचदा फेल होतो कारण पाठवणारा सर्व्हर मधलाच असतो, डीकिमवर तरतो तेवढाच.

फोनमध्ये सेटिंग

थोडक्यात सांगतो. मेल वाचायला आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत), पोर्ट ९९३, पाठवायला ४६५ किंवा ५८७, पोर्ट २५ च्या नादी लागू नका, तो बऱ्याच नेटवर्कवर बंदच असतो. युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता, आणि एलियास (त्याच मेलबॉक्सचा दुसरा पत्ता) असेल तर लॉगिन मूळ मेलबॉक्सनेच. टू-स्टेप चालू असेल तर बऱ्याच ठिकाणी नेहमीचा पासवर्ड चालत नाही, ॲप पासवर्ड बनवावा लागतो. पॉप (मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत) वापरू नका, त्यात बऱ्याचदा मेल लॅपटॉपवर उतरला की सर्व्हरवरून उडतो आणि फोनमध्ये काहीच दिसत नाही. कॅच-ऑल (डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्याचा मेल एकाच ठिकाणी घेणं) पण नको, कचरा गोळा होतो नुसता.

परत आलेला मेल वाचा तरी

मेल बाउन्स झाला की लोक इंग्रजी बघून डिलीट करतात. त्यातच उत्तर असतं हो. आकडा ४ ने सुरू होत असेल तर तात्पुरतं आहे, सर्व्हर परत प्रयत्न करेल, तुम्ही गप्प बसा. ५ ने सुरू असेल तर कायमचं नाही म्हटलंय. ५.१.१ म्हणजे असा पत्ता नाही, स्पेलिंग बघा. जीमेलकडून ५.७.२६ आला तर वरचं एसपीएफ-डीकिमचं प्रकरण परत वाचा. मोठी फाइल असेल तर लक्षात ठेवा की ॲटॅचमेंट मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे समोरच्याची मर्यादा २५ एमबी असली तरी २० ची फाइल पण अडू शकते.

आणि ही चूक तर करूच नका

डोमेन ज्या कंपनीकडून घेतलंय त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवर ठेवणं. म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखं. डोमेन एक्सपायर झालं की मेल बंद, मेल बंद म्हणजे रिन्यूची आठवण येत नाही, पासवर्ड रिसेटची लिंक पण त्याच बंद पत्त्यावर. डॉट कॉमसारख्या डोमेनला घेताना दिलेला ईमेल १५ दिवसांत व्हेरिफाय केला नाही तर डोमेन सस्पेंड होऊ शकतं, तो मेलसुद्धा अशाच पत्त्यावर जाऊन अडकतो. मेल सर्व्हिसच्या ॲडमिन खात्याचा रिकव्हरी पत्ता पण बाहेरचाच हवा. मी यासाठी एक जुना जीमेल राखून ठेवलाय, दुसरं काहीच येत नाही त्यावर, फक्त वर्षातून दोन-तीनदा रिन्यू करा म्हणून आठवण येते.