मुलांना एमडीपासून दूर ठेवायचे असेल, तर या चुका टाळा

महाराष्ट्रात ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ या नावाने विकली जाणारी पावडर म्हणजे मेफेड्रोन. मेंदूला उत्तेजित करणाऱ्या मेथॅम्फेटामिनसारख्या अमली पदार्थांच्या गटातली ती आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आली, तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांना तिचे शेकडो किलो उत्पादन सापडले. पुरवठा रोखणे हे पोलिसांचे काम आहे; मुलाने पहिल्यांदा ‘नको’ म्हणावे, ही तयारी मात्र घरात आणि वर्गात व्हावी लागते. समुपदेशक म्हणून तिथेच मला वर्षानुवर्षे त्याच त्या चुका दिसतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे २६ जूनचे व्याख्यान. अमली पदार्थविरोधी दिन आला की सभागृह भरते, पडद्यावर पावडरीची छायाचित्रे येतात, वक्ता भाव, टोपणनावे आणि परिणाम सांगतो, शेवटी सामूहिक शपथ होते आणि वर्षभराचे काम उरकल्याचे समाधान सर्वांना मिळते. नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयात अशा कार्यक्रमाला मी श्रोता म्हणून बसले होते. एमडीमुळे भूक आणि झोप नाहीशी होते, हे वक्त्याने भीती घालण्यासाठी पुन्हा पुन्हा सांगितले. कार्यक्रमानंतर एक विद्यार्थिनी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, भूक खरंच मरते का? मग वजन किती दिवसांत उतरतं?” तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाला परीक्षेच्या काळात रात्रभर जागता येईल का, हे जाणून घ्यायचे होते. दोघांनीही तोवर काही घेतलेले नव्हते, परंतु वजनाची लाज आणि परीक्षेचा ताण या त्यांच्या खऱ्या अडचणींवरचा एक उपाय त्या सभागृहातूनच त्यांच्या हाती लागला होता.

भीतीने व्यसन थांबते, हा समज केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात २००५ पासून मेथॅम्फेटामिनविरोधी अत्यंत भडक जाहिरातींची मोहीम चालली. पुढे झालेल्या अभ्यासात वापरातील घट मोहिमेच्या आधीच सुरू झाली होती आणि जाहिरातींचा वेगळा परिणाम दिसत नाही, असे आढळले. त्यामुळे मी एका दिवसाचे व्याख्यान स्वीकारत नाही. एकाच वर्गाच्या, वर्षभर विखुरलेल्या तासिका मागते आणि त्यांत झोप, परीक्षा, शरीराबद्दलची लाज, प्रेमभंग यांविषयी आधी बोलते. मित्राने पुडी पुढे केली तर नेमके कोणते वाक्य बोलायचे, याचा सराव मुलांकडून मोठ्याने करून घेते. नव्या उत्साही कार्यकर्त्यांना हे काम संथ वाटते. त्यांना महिन्याभरात निकाल आणि छायाचित्रे हवी असतात. हे काम त्या वेगाने होत नाही, आणि ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी मुलांसमोर उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आमच्या घरात असे होणार नाही’ असे समजून हा विषयच टाळणे, ही दुसरी चूक. आठवी-नववीपासून तो जेवताना सहज निघाला पाहिजे.

क्लास सुटल्यापासून घरी येईपर्यंतचा वेळ कोणाच्याच लक्षात नसणे, ही तिसरी. आइसलँडने मुलांच्या संध्याकाळी खेळ, संगीत आणि पालकांच्या सहवासाने भरल्या. तेथे महिन्याभरात एकदा तरी मद्यधुंद झालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मधील ४२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. आपल्याकडे मात्र दहावीचे वर्ष आले की सर्वांत आधी मैदान बंद होते.

औषधाच्या दुकानातून लघवी तपासण्याचे किट आणून मुलाला न्हाणीघरात उभे करणे, या चुकीचा मला विशेष राग आहे. पुण्यातील एका कुटुंबाने हेच केले. सामान्य किट गांजा किंवा अफूजन्य पदार्थांसाठी असते. मेफेड्रोन त्यात अनेकदा सापडत नाही. निकाल नकारात्मक आला, वडिलांनी मुलाची माफी मागितली आणि मुलाला पुढचे काही महिने निर्धोक मिळाले. आईला मात्र सर्व दिसत होते: दोन-दोन रात्री जागरण, जबडा आवळणे, न खाता उतरलेले वजन, सतत संशय, आणि मग दिवसभर मेल्यासारखी झोप. तिच्या निरीक्षणापेक्षा किटवर विश्वास ठेवला गेला. मी पालकांना महिनाभर झोप, जेवण, पैसे आणि मनःस्थिती यांची साधी नोंद ठेवायला सांगते आणि ती वही घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. लक्षणे तीव्र असतील, तर वही भरण्याची वाट पाहू नये.

नशा उतरल्यानंतरच्या त्या झोपेला आळस समजून ओरडणे धोकादायक आहे, कारण त्याच दिवसांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार येऊ शकतात. मुलाला एकटे ठेवू नये. छातीत दुखणे, प्रचंड ताप, झटके किंवा भ्रम दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे.

पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवणे हीही चूकच. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील खटल्यापासून संरक्षण आहे. मात्र उपचार सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत आणि पूर्ण घ्यावे लागतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत.

मुलाला गावी मामाकडे पाठवणे किंवा त्याचे लग्न लावून देणे, हे उपचार नव्हेत. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या मुलाला ‘बरा झाला’ असे जाहीर करणेही तितकेच घातक आहे. एमडीची ओढ कायमची मिटवणारी गोळी उपलब्ध नाही. समुपदेशन, वर्तनोपचार आणि दीर्घ पाठपुरावा हाच उपचार आहे आणि त्यात पुन्हा घसरण होऊ शकते. म्हणून मुलगा घरी येण्याआधीच पाठपुराव्याच्या पहिल्या भेटीची तारीख ठरवून घ्यावी, आणि त्या दिवशी त्याच्यासोबत कोण जाणार, हेही घरात आधीच निश्चित करावे.