बियाण्याचं झाड आत्ताच राखून ठेवा

पीक भरात आलं आहे. बी धरायची आठवण बहुतेकांना तोडणी संपता संपता होते. मग वेलावर उरलेली शेवटची दोन-चार फळं पिकू दिली जातात आणि त्यांचंच बी ठेवलं जातं. जुन्या वाणांचा ऱ्हास इथूनच सुरू होतो. लवकर आलेली, नामी फळं खाण्याविकण्यात गेली आणि उशिराच्या फळांचं बी राहिलं, की दर हंगामात नकळत उशिरा येणाऱ्या झाडांची निवड होत राहते. पालक आणि कोथिंबिरीत नेमकं उलट घडतं. सगळ्यांत आधी फुलोऱ्यावर येणारी झाडं बी लवकर देतात म्हणून तेच घेतलं जातं, आणि पुढची पिढी पानं द्यायच्या आधीच फुलू लागते. ही झाडं आजच उपटून टाका.

या आठवड्यात शेतात फिरताना सोबत रंगीत दोऱ्या घ्या. लवकर फळं धरणारी, निरोगी, त्या वाणाची ओळख सांगणारी झाडं हेरून दोरी बांधा आणि घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा, की या झाडांना हात लावायचा नाही. एखाद्या टपोऱ्या फळावर भाळू नका. रोगट झाडाला लागलेलं सुंदर फळ बियाण्याच्या कामाचं नाही. घेवडा, चवळी किंवा टोमॅटोच्या झाडावर मोझॅक या विषाणूजन्य रोगाची चट्टेदार, आक्रसलेली पानं दिसली तर त्याचं बी धरूच नका. यातले काही विषाणू बियाण्यातून पुढे जातात आणि ज्याला बी द्याल त्याच्या शेतातही पोचतात.

पैदासकार म्हणजे नवे वाण काढणारा, असा समज आहे. पण जुना वाण आहे तसा टिकवायलाही दर वर्षी हीच निवड करावी लागते. जुन्या बियाण्यांवर आयुष्य घालवणाऱ्या पैदासकाराचा बराचसा काळ शेतातल्या अशा फेऱ्यांतच जातो. हे काम तुम्हीही करू शकता, आणि करायलाच हवं. फक्त संकरित बियाण्याच्या पिकातून बी धरू नका, पुढच्या पिढीत गुण फाटतात, म्हणजे झाडं एकसारखी निघत नाहीत.

किती झाडांचं बी घ्यायचं, हे पिकावर ठरतं. टोमॅटो, वाटाणा, घेवडा ही पिकं बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळ धरतात. त्यांना दहा-वीस चांगली झाडं पुरतात. मिरचीवर मधमाश्या फिरतात, म्हणून दोन वाण जवळ असतील तर फुलण्याआधी झाडावर जाळी घाला. मक्याची गोष्ट वेगळी. एका कणसात शेकडो दाणे असतात, त्यामुळे पाच-सहा कणसं पुरे वाटतात. पण इतक्या कमी झाडांवर वाण चालवला तर काही पिढ्यांतच झाडं खुजी होतात आणि जोम जातो. निदान दोनशे झाडांमधून, शेताच्या मध्यभागातली कणसं निवडा आणि प्रत्येकातले थोडे थोडे दाणे घ्या.

वेलवर्गीय भाज्यांत सर्वाधिक भेसळ होते. तिथे हाताने परागीभवन करणं हाच खात्रीचा उपाय. लाल भोपळ्याची दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी टोकाशी पिवळसर दिसू लागते. अशी एक मादी कळी (तिच्या बुडाशी छोटं फळ असतं) आणि दोन नर कळ्या दोऱ्याने हलकेच बांधून ठेवा. सकाळी लवकर नर फूल खुडा, पाकळ्या काढा, मादी फूल उघडून आतल्या भागावर पराग नीट फिरवा आणि फूल पुन्हा बांधून देठाला खूण करा. काकडी आणि कारल्याचंही काम सकाळचंच. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात. त्यांच्या कळ्या दुपारी बांधा, पराग संध्याकाळी लावा.

फळ वेलावर पूर्ण जून होऊ द्या. काकडी पिवळी पडेपर्यंत, वांगं रंग सोडेपर्यंत थांबा. टोमॅटोचा गर बियांसकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबवला की बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग धुऊन लगेच पसरा, जास्त दिवस ठेवलं तर बी भांड्यातच मोडावतं.

वाळवण सावलीत, वाऱ्यावर करा. भोपळ्याचं बी वाकवल्यावर वाकलं तर अजून ओलं आहे, कट्‌कन मोडायला हवं. घेवड्याचा दाणा हातोडीखाली चेपायला नको, फुटायला हवा. साठवणीचा जुना ठोकताळा असा, की बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने उतरला किंवा तापमान पाच अंशांनी कमी झालं, की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून हवाबंद बरणीचा खर्च वाया जात नाही. कडधान्याचं बी खडखडीत वाळल्यावर बरणीत भरून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवलं तर भुंगेऱ्याची अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच मरतं. ते साठवत बसू नका, पेरून ताजं करा.

आता वाटणीचं. बियाण्याचे तीन भाग करा. एक पुढच्या पेरणीला, एक पीक बुडालं तर हाताशी राहावा म्हणून राखीव, आणि एक दुसऱ्यांना. हा तिसरा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे. सीरियात अलेप्पोजवळ 'इकार्डा' या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेची मोठी बियाणे बँक होती. तिथल्या नमुन्यांच्या जोडप्रती नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये 2008 साली उघडलेल्या बियाण्यांच्या तिजोरीत ठेवल्या होत्या. युद्धामुळे अलेप्पोतलं काम थांबलं, तेव्हा 2015 मध्ये तिजोरीतून बी परत मागवून लेबनॉन आणि मोरोक्कोत वाढवलं गेलं. एवढ्या मोठ्या संस्थेचा संग्रह दुसरीकडे बी ठेवलं होतं म्हणून सावरला. तुमच्या वाणाची जोडप्रत म्हणजे तो वाण लावणारा दुसरा शेतकरी, आणि तो शक्यतो दूरचा असावा. तुमच्याकडे गारपीट झाली तरी त्याचं पीक उभं असेल.

बी देताना पुडीत चिठ्ठी घाला. वाणाचं नाव, बी कुणाकडून आलं, कोणत्या वर्षी धरलं, किती झाडांचं आहे आणि आसपास दुसरा वाण होता का, एवढं लिहिलं तरी चालेल. देण्याआधी शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून उगवण तपासा आणि तो आकडाही चिठ्ठीवर टाका. सत्तरपेक्षा कमी उगवल्या तर ते बी वाटू नका, या हंगामात स्वतः दाट पेरा आणि नवं बी तयार झालं की मग द्या.